समुद्र पिणारे इंजिन

मालवण, वेंगुर्ले किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या छोट्या होडीच्या मागच्या फळीला अडकवलेले यंत्र पाहिले तर त्यात विशेष काही आहे असे वाटत नाही. वर एक टोपण, मधे उभा पाय आणि खाली तीन पात्यांचा पंखा. पण इंजिन, गिअर, पंखा आणि सुकाणू या मोठ्या जहाजात वेगवेगळ्या जागी असणाऱ्या चार गोष्टी दोन माणसांना उचलता येणाऱ्या या एका यंत्रात बसवलेल्या असतात. त्याहून मोठे नवल म्हणजे त्याला थंड ठेवणारे पाणी आणि त्याला खाऊन टाकणारे पाणी एकच असते. अशी होडी बाळगणाऱ्याचा निम्मा वेळ या दुहेरी नात्याची काळजी वाहण्यात जातो.

होडीबाहेर टांगायच्या मोटरीची कल्पना पेट्रोल इंजिनाची नाही, विजेची आहे. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने 1881 मध्ये पॅरिसला सेन नदीत विजेवर चालणारी होडी फिरवली. तिची मोटर सुकाण्याला जोडलेली होती आणि काढून घेता येत होती. पेट्रोलवरची मोटर सामान्य माणसापर्यंत नेण्याचे श्रेय मात्र ओले एव्हिनरूड यांना जाते. नॉर्वेत 1877 साली जन्मलेले एव्हिनरूड लहानपणीच अमेरिकेत गेले आणि मिलवॉकी शहरात यंत्रकाम करू लागले. 1909 मध्ये त्यांनी विक्रीला आणलेली मोटर दीड अश्वशक्तीची आणि सुमारे 28 किलो वजनाची होती. तळ्याच्या पलीकडून वाग्दत्त वधूसाठी वल्हवत आइस्क्रीम आणताना ते वाटेतच वितळले आणि त्यातून ही मोटर सुचली, असे सांगतात. कथा गोड आहे, पण मला तिच्यापेक्षा त्या वधूचे, बेस यांचे, काम मोठे वाटते. पुढे धंद्याचा पत्रव्यवहार आणि जाहिराती त्यांनीच सांभाळल्या. एव्हिनरूड नावाच्या मोटरींचे उत्पादन 2020 मध्ये बंद झाले. यामाहाची पहिली मोटर 1960 ची आहे, आणि आज आपल्या किनाऱ्यावर जपानी नावेच जास्त दिसतात.

भारतात या यंत्राचा खरा प्रसार 1980 च्या दशकात झाला, आणि त्यात केरळ पुढे होते. तिथे पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायची इंजिने रुळली. किनाऱ्याला टेकण्याआधी ती पुन्हा पेट्रोलवर घ्यावी लागतात, कारण कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहिले तर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून हात दुखतात. आपल्याकडे सिंधुदुर्गात एका बाजूला तोल सांभाळणारी लाकडी उलांडी असलेल्या होड्या पूर्वापार वल्ही आणि शिडावर चालत आल्या. आता त्यातल्या कित्येकींच्या मागे इंजिन आले आहे. उलांडी तशीच राहिली, शीड गेले.

आता यंत्राच्या आत पाहू. इंजिनातून निघालेला दांडा सरळ खाली जातो आणि पाण्याखालच्या गिअरपेटीत काटकोनात वळतो. तिथे उभ्या दांड्याच्या दात्यांना दोन चक्रे कायम भिडलेली असतात. एक पुढच्या दिशेने फिरते, दुसरे उलट. दोन्ही सतत फिरतच असतात. गिअर टाकला की त्यांतल्या एकाला पंख्याचा दांडा जोडला जातो, आणि न्यूट्रलला कुणालाच जोडला जात नाही. इंजिन मिनिटाला 5,000 फेरे घेत असेल तर पंख्याला साधारण 2,500 मिळतात, कारण पाणी जड असते आणि फार जोरात फिरणारा पंखा त्याला ढकलण्याऐवजी फाडतो.

गिअरपेटीच्या वर असतो इंपेलर. सगळ्या यंत्रात मला सर्वांत आवडणारा भाग हाच. रबराची पाती असलेले हे छोटे चक्र ज्या डबीत फिरते, तिच्या बरोबर मध्यावर ते नसते, मुद्दाम एका बाजूला सरकवलेले असते. त्यामुळे एका बाजूला पाती पसरतात तेव्हा समुद्राचे पाणी आत ओढले जाते, आणि दुसऱ्या बाजूला ती दुमडतात तेव्हा ते वर इंजिनाकडे ढकलले जाते. इंजिन थंड करून पाणी बाहेर पडते आणि त्याची एक बारीक धार टोपणाखालून सतत उडताना दिसते. ती धार म्हणजे यंत्राची नाडी. धार थांबली की इंजिन बंद करायचे आणि पाणी घेणारी जाळी तपासायची. बहुतेक वेळा तिथे प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. इंपेलरला पाण्याचेच वंगण असल्यामुळे कोरड्यावर तो थोड्याच वेळात जळतो. तरीही वाळूवर ठेवलेले इंजिन ‘चालू आहे बघा’ म्हणत फुरफुरवून दाखवणारे विक्रेते भेटतात.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मोटारगाडीच्या इंजिनाइतके गरम होऊ दिले तर त्यातले काही क्षार आतल्या वाटांमध्ये थर धरतील. म्हणून ही इंजिने मुद्दाम थंड, पन्नास-साठ अंशांच्या आसपास ठेवतात. तरी थोडे मीठ उरतेच. त्यावर उपाय एकच आणि तो फुकट आहे. परत आल्यावर इंजिनाचा पाय गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून, पंखा न जोडता, दहा मिनिटे चालवायचे. इंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावे यावर तासन्‌तास बोलणारी मंडळी हे पिंप भरायचा कंटाळा करतात, हे मला कधी उमगलेले नाही.

पायाला एक जस्ताचा तुकडा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू आधी झिजतो. इथे झिजायचे काम जस्ताने पत्करलेले असते, म्हणून ॲल्युमिनियम वाचते. हा तुकडा निम्मा झिजला की बदलावा आणि त्याला रंग कधीही लावू नये. रंग लावला की तो काही कामाचा राहत नाही आणि झीज इंजिनाकडे वळते. होडीच्या तळाला लावायचा तांबेयुक्त रंगही ॲल्युमिनियमच्या पायाला लावू नये.

गिअरपेटीतले तेल दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलतात. ते खालच्या छिद्रातून भरायचे आणि वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरत राहायचे. वरून ओतले तर आत हवा अडकते. जुने तेल दुधाळ कॉफीसारखे निघाले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. त्याचे कारण अनेकदा मासेमारीतच दडलेले असते. पंख्यामागे जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंडाळला जातो आणि तो रबरी सील कापतो. म्हणून अधूनमधून पंखा काढून मागे पाहावेच.

इंधनाचा प्रश्न आता नवा झाला आहे. दोन-स्ट्रोकच्या बऱ्याच इंजिनांत दहा लिटर पेट्रोलला 200 मिलिलिटर तेल मिसळतात. हे गणित जुनेच. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषते. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी खाली बसते, पेट्रोल वर राहते, आणि इंजिनाची नळी टाकीच्या तळाशीच असते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नेमक्या त्या दमट दोन महिन्यांत टाकीत पेट्रोल ठेवणे म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर मेकॅनिकच्या दारात उभे राहणे. टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून, इंजिन उभेच ठेवावे.

इंजिन समुद्रात पडलेच तर? ते बाहेर काढून उन्हात वाळवावे असे कुणालाही वाटेल. तीच घातक चूक. मीठ आणि हवा एकत्र आली की काही तासांत गंज धरतो. ताबडतोब गोड्या पाण्याने धुऊन, प्लग काढून पाणी उपसून, तेल घालून त्याच दिवशी चालू करावे. ते जमत नसेल तर मेकॅनिक येईपर्यंत इंजिन गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवावे.

होडीबद्दल थोडक्यात. लाकडी होडीचा शत्रू टेरेडो. नाव ऐकून किडा वाटतो, पण तो शिंपल्याच्या जातीचा मऊ प्राणी आहे आणि फळी बाहेरून धड दिसत असताना आतून पोखरतो. म्हणून पूर्वी तळाला चुना आणि तेलाचे लेप देत. फायबरच्या होडीला टेरेडो लागत नाही, पण तिची मागची फळी आतून प्लायवूडची असू शकते. इंजिनाचे बोल्ट तिथूनच जातात आणि पाणीही तिथूनच शिरते. फळीची उंची मोजून मगच इंजिन घ्यावे. आखूड पाय 15 इंचांचा, लांब 20 इंचांचा. आणि होडीत वल्ही असू द्यावीत, इंजिन कितीही नवे असले तरी.

जुने इंजिन घेणार असाल तर रंग, स्टिकर, आवाज यांपैकी कशावरही जाऊ नका. विकणाऱ्याला गिअरपेटीचा खालचा स्क्रू तुमच्यासमोर सैल करायला सांगा आणि काय बाहेर येते ते बघा. तो नको म्हणाला तर ते इंजिन घेऊ नका.