कॅमेरा घेताना आधी उजेड पाहा, मग मेगापिक्सेल

बारसं, वाढदिवस, हळदीकुंकू, गणपतीची आरती. घरातले बहुतेक प्रसंग संध्याकाळी आणि चार भिंतींच्या आत होतात. नेमके तेव्हाचेच फोटो फसतात. बाळाचा हात धूसर येतो, आजीच्या चेहऱ्यावर रंगीत ठिपके दिसतात. कॅमेरा नवा असतो, खोक्यावर ‘२० मेगापिक्सेल’ असे ठळक छापलेले असते, पैसेही कमी गेलेले नसतात. मग चूक कुठे होते? बहुतेक वेळा ती खरेदीच्या वेळीच झालेली असते.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. त्यावर लाखो सूक्ष्म प्रकाशग्राही बिंदू असतात. प्रकाश पडला की प्रत्येक बिंदूत विद्युतभार साठतो, तो मोजून आकडे तयार होतात आणि त्या आकड्यांचे चित्र बनते. अशा सेन्सरचा पाया असलेली ‘सीसीडी’ची कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात जेमतेम १० हजार बिंदू होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत.

आज बिंदूंची वाण नाही. उलट ते गरजेपेक्षा जास्त आहेत. ६ बाय ४ इंचाचा फोटो उत्तम छापायला सुमारे २ मेगापिक्सेल पुरतात. ए-४ आकाराच्या छपाईला ९ मेगापिक्सेल खूप झाले. फोरके टीव्हीचा पडदासुद्धा ८ मेगापिक्सेलच्या थोडा वरच असतो. त्यामुळे १६ की २० हा वाद घरगुती वापरासाठी निरर्थक आहे.

खरा प्रश्न सेन्सर किती मोठा, हा आहे. पावसात पागोळ्यांखाली भांडी मांडली तर रुंद भांड्यात पाणी जास्त साठते. सेन्सरचेही तसेच. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंच प्रकारचा सेन्सर असतो. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. ‘१ इंच’ प्रकारच्या सेन्सरचे ११६, तर ‘एपीएस-सी’ प्रकाराचे सुमारे ३६५ चौरस मिलिमीटर. (‘१ इंच’ हे नाव जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या मापावरून आले आहे, सेन्सर प्रत्यक्षात इंचभर नसतो.) दोन्हीकडे २० मेगापिक्सेल असले, तरी १ इंच प्रकारात प्रत्येक बिंदूच्या वाट्याला चौपट जागा येते. उजेड कमी असताना हा फरक लगेच दिसतो.

दुसरी गोष्ट भिंगाची. भिंगावर ‘एफ’ पुढे जो आकडा असतो, तो जितका लहान, तितका प्रकाश जास्त आत येतो. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/२.८ चारपट प्रकाश घेते. झूम मात्र ‘ऑप्टिकल’ किती, एवढेच विचारावे. ‘डिजिटल झूम’ म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणे. ते घरी संगणकावरही करता येते.

हात हलल्याने येणारी धूसरता ‘ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन’ असल्यास बरीच कमी होते. पण ही सोय कॅमेऱ्याची थरथर सावरते, पळणाऱ्या मुलाला थांबवत नाही. त्यासाठी शटर झटकन मिटावे लागते आणि त्यासाठी पुन्हा प्रकाशच जास्त हवा.

हातात चांगला स्मार्टफोन असेल तर आणखी एक हिशेब करावा. अशा फोनमधील मुख्य सेन्सर अनेकदा स्वस्त कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो. त्यामुळे फोनमध्ये नसलेले काही मिळणार असेल, म्हणजे खरा झूम, मोठा सेन्सर किंवा चांगला फ्लॅश, तरच वेगळा कॅमेरा घेण्यात अर्थ आहे. नाहीतर तो महिन्याभरात कपाटात जातो.

बजेट कमी असेल तर मोठ्या सेन्सरचा वापरलेला कॅमेरा हा शहाणा पर्याय ठरू शकतो. मात्र पाहून घ्यावा. टॉर्चचा उजेड भिंगातून आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते तपासावे. ती बुरशी असते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती सहज धरते आणि भिंगावरचा लेप कायमचा खराब करू शकते. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांच्या रूपाने दिसते. बॅटरी फुगलेली नसावी आणि त्याच मापाची नवी बाजारात मिळावी. फार जुने कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे कार्ड वाचत नाहीत, हेही विचारून घ्यावे. घरी आणल्यावर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.

फ्लॅशबद्दल पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फ्लॅश भिंगाजवळ असल्याने त्याचा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परततो आणि बाहुली लाल दिसते. हे सामान्य आहे. पण लहान मुलाच्या एका डोळ्याची बाहुली फोटोंमध्ये वारंवार पांढरी किंवा पिवळसर दिसत असेल, तर दुर्लक्ष करू नये. कधीकधी तो केवळ प्रकाशाच्या कोनाचा परिणाम असतो. पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचीही ती खूण असू शकते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञांकडून लवकर तपासणी करून घ्यावी. लवकर निदान झाले तर दृष्टी आणि जीव दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते.

दुकानात कॅमेरा पाहताना बाहेरच्या लख्ख उन्हात फोटो काढू नये. उन्हात सगळेच कॅमेरे चांगले दिसतात. दुकानाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात सोबतच्या माणसाला हात हलवायला सांगावे, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढावा आणि मोठा करून पाहावा. चेहरा ओळखीचा आणि हात स्पष्ट आला, तर बारशालाही तो येईल.