अठरा कण आणि अख्खा वॉर्ड बंद

इंग्लंडमध्ये थंडी पडली की सरकारी आरोग्यसेवा एक आकडा नेमाने जाहीर करते: जुलाब-उलट्यांच्या साथीपायी रुग्णालयांतल्या किती खाटा अडकून पडल्या. बहुतेक वेळा यामागे नोरोव्हायरस असतो. पेशंट येतो मोडलेलं हाड जोडून घ्यायला आणि तिसऱ्या दिवशी बेडपॅनसाठी बेल वाजवत बसतो. मग शेजारच्या खाटेवरचे आजोबा, मग सिस्टर, मग फरशी पुसणाऱ्या मावशी. शेवटी दारावर पाटी लागते, वॉर्ड बंद!

या पाहुण्याला फौजफाटा लागत नाही. एका अंदाजानुसार जेमतेम अठरा कण पोटात गेले तरी माणूस आडवा होऊ शकतो. आणि आजारी माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत हे कण असतात अब्जावधी. हिशेब ज्याने त्याने करावा, शक्यतो जेवण झाल्यावर.

नावामागे एक गाव आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉकमध्ये १९६८च्या ऑक्टोबरात एका प्राथमिक शाळेतली निम्मी मुलं आणि शिक्षक ओकाऱ्यांनी बेजार झाले. जीवाणू काही सापडेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी आजाऱ्यांच्या विष्ठेचा गाळीव अर्क काढला आणि तो स्वयंसेवकांना चक्क पाजला! तेही आजारी पडले. १९७२मध्ये अल्बर्ट कापिकियन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अखेर तो विषाणू दिसला: जेमतेम २७ नॅनोमीटरचा ठिपका. नॉरवॉककरांची मात्र कायमची बदनामी झाली.

दिसला, पण प्रयोगशाळेत वाढेना. नॉरवॉकच्या साथीपासून तब्बल ४८ वर्षं त्याने शास्त्रज्ञांना झुलवलं. २०१६मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात मेरी एस्टेस यांच्या चमूने मूलपेशींपासून माणसाच्या आतड्याची इवलीशी प्रतिकृती तयार केली, तिथे स्वारी रमली. त्यातही काही वाणांचे नखरे असे की पित्त घातल्याशिवाय ते वाढेचनात.

आता लॅरीला भेटा. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत हा पुतळा उलट्या करण्याची नोकरी करायचा. पोटात चमकणारा रंग मिसळलेलं पाणी भरायचं, कळ दाबायची आणि शिंतोडे कुठवर जातात ते अतिनील दिव्याखाली मोजायचं. ते तीन मीटरच्याही पलीकडे गेले. दिवा नसता तर त्यातले बरेचसे कुणाला दिसलेही नसते. आपल्याकडच्या जनरल वॉर्डात दोन खाटांमध्ये एवढी जागा कुठे असते?

त्याहून भन्नाट गोष्ट एका पिशवीची. २०१०मध्ये अमेरिकेतल्या मुलींचा फुटबॉल संघ सामन्यांसाठी हॉटेलात उतरला होता. रात्री एकीला उलट्या-जुलाब सुरू झाले. न्हाणीघरात खाऊची पिशवी ठेवलेली होती. तिने त्या पिशवीला हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी त्यातला खाऊ वाटून खाल्ला आणि सात जणी आजारी पडल्या. विषाणू हवेतून पिशवीवर जाऊन बसला होता.

आता रुग्णालयाच्या दाराशी टांगलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीबद्दल. कोरोनाला तेलकट वेष्टन असतं, अल्कोहोल ते फोडतं. नोरोव्हायरसला वेष्टनच नाही, त्यामुळे तो अल्कोहोलला फारशी भीक घालत नाही. हात साबण लावून वाहत्या पाण्याखालीच धुवायचे. फरशी, खाटेचा कठडा, दाराची मूठ, नळाची चावी यांना क्लोरीनचं ब्लीच हवं, तेही चांगलं कडक आणि पाच मिनिटं तरी लावून ठेवलेलं. नुसत्या फिनेलच्या वासावर विसंबू नये.

काही भाग्यवंतांना मात्र नोरोव्हायरसच्या बऱ्याच वाणांची बाधाच होत नाही. विषाणूला आतड्यात पकडायला जी साखरेची खुंटी लागते, ती त्यांच्याकडे जन्मतःच नसते. युरोपात पाचातला साधारण एक जण असा.

हे फक्त थंड देशांचं दुखणं समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने पुणे, नागपूर आणि तेव्हाच्या औरंगाबादेत जुलाबाने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांचे नमुने तपासले, त्यांतही हा निघाला. केरळात वायनाडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी २०२१मध्ये याच्याच तडाख्यात सापडले.

औषध? खास असं नाही, लसही अजून बाजारात नाही. अँटिबायोटिक तर विषाणूवर चालतच नाही. एक ते तीन दिवसांत बहुतेकांचं पोट आपोआप ताळ्यावर येतं, तोवर ओआरएसचे घोट. लहान मुलं आणि म्हातारी माणसं मात्र झपाट्याने सुकतात. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं की डॉक्टरांना गाठायचं.

एक मेहेरबानी करा. तुमचं पोट बिघडलं असेल तर दवाखान्यात कुणाला भेटायला जाऊ नका, डबा दुसऱ्याच्या हाती पाठवा. जुलाब-उलट्या थांबल्यावरही निदान ४८ तास थांबा, कारण बरं वाटू लागल्यावरही हा विषाणू दोन-दोन आठवडे शरीरातून बाहेर पडत असतो.