दिल्याविना दत्तक

दत्तकाचे नवल आपल्या संस्थानी शहरांत कोणालाच नाही. कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ साली जमनाबाईसाहेबांच्या मांडीवर बसला आणि आमच्या बडोद्याला सयाजीराव लाभले. पण दत्तक म्हणजे दिलेला. देणारे आईबाप असतात, चारचौघे साक्षीला असतात आणि मूल कोठून आले हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

कॅनडातील मूळ रहिवाशांच्या मुलांची हकीकत वाचताना मला हेच राहून राहून आठवत होते. कारण तेथे घेणारे पुष्कळ होते, देणारा मात्र कोणी नव्हता.

१९५१ साली तेथील इंडियन कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रांतांची बालकल्याण खाती राखीव वस्त्यांत शिरली. घरात दाटी आहे, पैका नाही, मूल आजीपाशी वाढते आहे, एवढ्यावरून 'आबाळ' असा शेरा पडे आणि मूल उचलले जाई. आजोळी वाढलेल्या आपल्यापैकी कितीजण या शेऱ्यातून सुटले असते, वाचकांनीच पाहावे. ब्रिटिश कोलंबियात सरकारी ताब्यातील मुलांत ही मुले १९५५ साली शंभरात एकही नव्हती. १९६४ साली ती एकतृतीयांशाहून अधिक झाली. सस्कॅचेवान प्रांताने तर १९६७ साली योजना काढून वर्तमानपत्रांत मुलांच्या छायाचित्रांसह जाहिराती दिल्या. सुमारे २०,००० मुले अशी परक्या घरी, काही थेट अमेरिकेत गेली. पॅट्रिक जॉन्स्टन यांच्या १९८३ च्या अहवालापासून या प्रकाराला 'सिक्स्टीज स्कूप', म्हणजे साठीतला उपसा, हे नाव पडले.

घेणाऱ्यांत मायाळू माणसेही होती. परंतु मुलाचे नाव, बोली आणि कूळ पुसले गेले ते गेलेच. मॅनिटोबाचे न्यायाधीश एडविन किमेलमन यांनी १९८५ साली याला सांस्कृतिक वंशविच्छेद म्हटले. २०१७ साली ८० कोटी डॉलरचा समझोता झाला. २०१९ च्या कायद्याने मुलांच्या संगोपनाचा अधिकार त्या समाजांकडे मान्य केला. तरीही २०२१ च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांखालील मुलांत मूळ रहिवाशांची मुले ७.७ टक्के, आणि सांभाळास दिलेल्या मुलांत ५३.८ टक्के!

गुजराथी मुलखात आपली मराठी इतक्या पिढ्या टिकली, ती माझ्या मते शाळांपेक्षा घरातल्या म्हाताऱ्यांमुळे. संध्याकाळी परवचा म्हणून घ्यायला आजी होती, आणि म्हणायला मूल घरात होते. त्या वस्त्यांत आज्या होत्या; मुले नेली होती.