अमेरिकन फुटबॉल : नियमानें वांचविलेला खेळ

फुटबॉल म्हटलें कीं आपल्याकडे पायानें टोलविण्याचा वाटोळा चेंडू डोळ्यांपुढें उभा राहतो. अमेरिकेंत त्याच नांवाचा जो खेळ आज सर्वांत लोकप्रिय आहे, त्यांतील चेंडू वाटोळा नसून दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि त्याचा संबंध पायांपेक्षां हातांशीं अधिक येतो. तो छातीशीं कवटाळून किंवा आपल्या गड्याकडे फेंकून प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे न्यावयाचा, आणि प्रतिपक्षानें चेंडू नेणाऱ्याला धरून जमिनीवर पाडावयाचें, असा हा खेळ आहे. अंगाला अंग भिडल्यावांचून तो होतच नाहीं. म्हणून त्याच्या जन्मापासून एक प्रश्न त्याच्या पाठीशीं लागलेला आहे : शरीरबळाला मुभा किती द्यावयाची, आणि त्याला आवर कोणीं व कसा घालावयाचा? या प्रश्नाचें उत्तर न सांपडल्यामुळें १९०५ सालीं हा खेळ बंद पडण्याच्या बेतास आला होता. तो कसा वांचला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील न्यू ब्रन्सविक येथें रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत जो सामना झाला, त्यापासून या खेळाचा इतिहास मोजण्याचा प्रघात आहे. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते आणि रटगर्सनें सहा विरुद्ध चार गोलांनीं जय मिळविला. त्या सामन्यांत चेंडू हातांत घेऊन धांवण्यास मात्र बंदी होती. पुढें इंग्लंडांतील रग्बीचे नियम कॉलेजांनीं उचलले, आणि येल विद्यापीठाचा वॉल्टर कँप यानें त्या रग्बीला अमेरिकन रूप दिलें. १८८० सालीं त्याच्या सूचनेवरून प्रत्येक संघांत अकरा गडी ठरले, आणि चेंडू कोणाकडे हें घोळक्यांतील झटापटीवर न सोडतां, तो एका बाजूच्या स्वाधीन करून खेळ सुरू करण्याची पद्धत पडली.

या सुधारणेंतून एक विचित्र अडचण निघाली. चेंडू एकदां हातीं आला कीं तो सोडण्याचें कारणच उरेना. १८८१ सालच्या येल-प्रिन्स्टन सामन्यांत एका संघानें पहिला अर्धा वेळ व दुसऱ्यानें दुसरा अर्धा वेळ चेंडू नुसता धरून ठेविला. प्रेक्षक कंटाळले. तेव्हां पुढच्या वर्षीं नियम झाला कीं तीन प्रयत्नांत निदान पांच यार्ड पुढें सरकावें, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाला द्यावा. पांच पांच यार्ड मोजतां यावेत म्हणून मैदानावर आडव्या रेघा आंखल्या गेल्या, आणि मांस भाजण्याच्या जाळीसारखें दिसणाऱ्या त्या मैदानाला ग्रिडआयर्न हें नांव पडलें.

परंतु एका दोषावरील औषधानें दुसरा रोग जन्मास घातला. तीन प्रयत्नांत पांचच यार्ड हवे असतील, तर चपळाईनें धांवण्याची गरज काय? सगळ्यांनीं एकमेकांस बिलगून, चेंडूवाल्याला मध्यें घालून, समोरच्या रांगेवर कोसळावें. तीन धडकांत पांच यार्ड मिळतातच. १८८८ सालीं कमरेखालीं, गुडघ्यांपर्यंत धरण्याची परवानगी मिळाल्यावर मोकळ्या मैदानांत धांवणें अधिकच कठीण झालें आणि घोळक्याचा खेळ बळावला. १८९२ सालीं हार्वर्डनें येलविरुद्ध या युक्तीचा कळस केला. लोरिन डीलँड हा गृहस्थ स्वतः कधीं फुटबॉल खेळलेला नव्हता. तो बुद्धिबळाचा षौकी व नेपोलियनच्या मोहिमांचा अभ्यासक. त्यानें गड्यांच्या दोन रांगा दोन बाजूंनीं दूरवरून धांवत आणून, त्यांचें टोंक एका जागीं जुळवून, सर्व भार समोरच्या एकाच गड्यावर लोटण्याची तऱ्हा काढली. तिला ‘उडती पाचर’ असें म्हणत. ती १८९४ सालीं नियमबाह्य ठरली; पण तिच्या मागची कल्पना कांहीं केल्या मैदानांतून हटली नाहीं. डोक्याला व खांद्यांना संरक्षण फारच थोडें. आणि घोळक्याच्या तळाशीं काय चालतें हें पंचांनाही दिसत नसे.

१९०५ च्या हंगामांत या खेळानें अमेरिकेंत किमान अठरा बळी घेतल्याची गणना शिकागोच्या ट्रिब्यून या वृत्तपत्रानें प्रसिद्ध केली. मेलेल्यांत बहुसंख्य कोंवळीं शाळकरी मुलें होतीं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः मर्दानी खेळांचे अभिमानी. त्यांचा थोरला मुलगा त्याच वर्षीं हार्वर्डच्या नवशिक्या संघांतून खेळत होता. ९ ऑक्टोबर १९०५ रोजीं त्यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळ स्वच्छ करण्याची गळ घातली. प्रतिनिधींनीं आश्वासन दिलें. मैदानावर कांहींच बदललें नाहीं. २५ नोव्हेंबरला न्यू यॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळतांना युनियन कॉलेजचा हॅरोल्ड मूर डोक्यास मार लागून मरण पावला. कोलंबिया विद्यापीठानें खेळ बंद केला; पश्चिम किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांनीं फुटबॉल सोडून रग्बी धरली. न्यू यॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅकक्रॅकन यांनीं परिषद बोलाविली, आणि डिसेंबरअखेर बासष्ट संस्था एकत्र आल्या. आज अमेरिकेंतील कॉलेजांच्या खेळांवर ज्या राष्ट्रीय मंडळाची सत्ता चालते, त्याचा उगम या परिषदेंत आहे.

१९०६ सालीं नवे नियम आले. तीन प्रयत्नांत पांचाऐवजीं दहा यार्ड जाणें आवश्यक ठरलें. म्हणजे नुसत्या रेटारेटीवर भागेना. दोन रांगांमध्यें चेंडूच्या लांबीइतकी मोकळी जागा सोडावी असें ठरलें. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, चेंडू हातानें पुढें फेंकण्यास मुभा मिळाली. हाच तो ‘फॉरवर्ड पास’. त्याचें मर्म असें : चेंडू कोठेंही फेंकला जाईल अशी शंका असली, कीं बचाव करणाऱ्यांना एका जागीं गर्दी करून चालत नाहीं; त्यांना मैदानभर पसरावें लागतें. घोळक्याला नुसती बंदी केली असती तर तो नव्या वेषांत परत आला असता. पासमुळें घोळका करणेंच तोट्याचें झालें.

तरी जुन्या मंडळींच्या मनांत या नव्या अस्त्राविषयीं अविश्वास होता. फेंकलेला चेंडू कोणाचा स्पर्श न होतां जमिनीवर पडला तर तो प्रतिपक्षाला मिळे. एवढी जोखीम घेण्यास मोठीं विद्यापीठें सहजासहजीं तयार होईनात. ५ सप्टेंबर १९०६ रोजीं विस्कॉन्सिन संस्थानांतील वॉकेशा येथें सेंट लुई विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननें पहिला कायदेशीर पास फेंकला. तो वायां गेला आणि चेंडू कॅरोल कॉलेजकडे गेला. परंतु त्याच सामन्यांत पुढें त्यानें जॅक श्नायडरकडे फेंकलेला चेंडू थेट गोलरेषेपार पोंचला. एडी कोचम्स या शिक्षकानें तयार केलेला तो संघ त्या वर्षीं अकराच्या अकरा सामने जिंकला.

नव्या नियमाची खरी किंमत ओळखली ती मात्र पेन्सिल्व्हेनियांतील कार्लाइल येथल्या एका निराळ्याच शाळेनें. १८७९ सालीं रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानें जुन्या बराकींत ही शाळा काढली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचीं मुलें आईबापांपासून शेंकडों कोस दूर आणावयाचीं, त्यांचे केस कापावयाचे, त्यांची भाषा बंद पाडावयाची आणि त्यांना गोऱ्यांच्या सांच्यांत घालावयाचें, हा तिचा हेतु होता. ज्या देशाच्या भूमीवर हीं मुलें खेळत होतीं, त्या देशाचें नागरिकत्व मूळ रहिवाशांना सरसकट मिळावयास १९२४ साल उजाडावें लागलें. या शाळेचे गडी संख्येनें थोडे आणि बहुधा वजनानेंही हलके असत. घोळक्याच्या खेळांत त्यांचा चुराडाच व्हावयाचा. म्हणून चपळाई व कल्पकता हेंच त्यांचें बळ झालें. १९०३ सालीं हार्वर्डविरुद्ध त्यांनीं चेंडू चार्ली डिलनच्या पाठीवर सदऱ्याखालीं दडवून त्याला गोलरेषेपार धाडलें, आणि हार्वर्डचे गडी चेंडू शोधीतच राहिले. तो सामना हार्वर्डनें १२-११ असा कसाबसा जिंकला. पासचा नियम आल्यावर या मुलांच्या हातीं युक्तीपेक्षां भक्कम साधन आलें. १९०७ सालीं ग्लेन वॉर्नर या शिक्षकाच्या हाताखालीं त्यांनीं बलाढ्य पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असें हरविलें, आणि दूरवर, अचूक फेंकलेला चेंडू काय करूं शकतो हें पूर्व किनाऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलें.

याच शाळेंत सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प पुढें आला. धांवणें, टोलविणें, अडविणें, सर्वांत तो सारखाच निपुण. १९११ सालीं कार्लाइलनें हार्वर्डला १८-१५ असें हरविलें, तेव्हां त्यानें चार वेळां मैदानांतून चेंडू गोलाच्या खांबांमधून टोलविला. पुढच्या वर्षीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें पेंटाथलॉन आणि डेकाथलॉन या दोन्ही कसोट्यांत तो पहिला आला. ९ नोव्हेंबर १९१२ रोजीं वेस्ट पॉइंट येथें कार्लाइलची गांठ लष्करी अकॅडमीच्या संघाशीं पडली. वूंडेड नी येथें अमेरिकन सैन्यानें लकोटा लोकांची कत्तल केली, त्याला अजून बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. एका बाजूस त्या सैन्याचे भावी अधिकारी. दुसऱ्या बाजूस सैन्यानें जिंकलेल्या जमातींचीं मुलें. शस्त्रें नव्हतीं; मैदान, रेघा व नियम दोघांना सारखे होते. कार्लाइलनें २७-६ असा जय मिळविला. पराभूत संघांत ड्वाइट आयसेनहॉवर नांवाचा एक तरुण होता. तो पुढें अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि थॉर्पची थोरवी त्यानें अखेरपर्यंत मान्य केली.

पण नियम जसा तारतो, तसा तो वांकविला गेला तर मारतोही. जानेवारी १९१३ मध्यें उघड झालें कीं थॉर्पनें १९०९ व १९१० सालीं नॉर्थ कॅरोलिनांत थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. कॉलेजांतील कित्येक तरुण तसे खेळत. पण खोटें नांव लावून. थॉर्प स्वतःच्या नांवानें खेळला आणि तेवढ्यानें सांपडला. हौशी खेळाडूच्या नियमावर बोट ठेवून त्याचीं पदकें काढून घेण्यांत आलीं. वास्तविक स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांच्या आंत हरकत घ्यावी, असा स्टॉकहोमचा स्वतःचाच नियम होता आणि ती मुदत केव्हांच उलटली होती. थॉर्प १९५३ सालीं वारला. १९८२ सालीं ऑलिंपिक समितीनें त्याला सहविजेता म्हणून मान्य केलें, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचें नांव पुन्हां लिहिलें जाण्यास २०२२ साल उजाडलें.

इकडे खेळाची घडी बसत चालली होती. १९१२ सालीं तीनाऐवजीं चार प्रयत्न मिळूं लागले आणि पास किती लांब फेंकावा यावरील मर्यादा उठली. १ नोव्हेंबर १९१३ रोजीं नोत्र दाम या त्या वेळीं फारशा नांवाजलेल्या नसलेल्या कॉलेजानें लष्करी अकॅडमीला ३५-१३ असें हरविलें. गस डोरे फेंकणारा आणि क्नूट रॉकनी झेलणारा. दोघांनीं त्या उन्हाळ्यांत ईरी सरोवराच्या कांठीं नोकरी करतां करतां वाळूंत याचा सराव केला होता. त्यानंतर पासला पोरखेळ म्हणण्याची कोणाची छाती झाली नाहीं. १९२० सालीं ओहायोंतील कँटन येथें व्यवसायी संघांचें मंडळ स्थापन झालें, तेव्हां त्याचा पहिला अध्यक्ष म्हणून जिम थॉर्पचीच निवड झाली. १९२२ सालीं त्या मंडळानें नॅशनल फुटबॉल लीग हें नांव घेतलें. २८ डिसेंबर १९५८ रोजीं न्यू यॉर्कच्या यँकी स्टेडियममध्यें जॉनी युनायटस याच्या पासांच्या जोरावर बाल्टिमोरनें जादा वेळांत न्यू यॉर्कवर २३-१७ असा जय मिळविला. तो सामना टेलिव्हिजनवर असंख्य लोकांनीं पाहिला आणि खेळ घरोघर गेला.

तथापि १९०५ सालचा प्रश्न कायमचा सुटला असें नाहीं. पिट्सबर्गचा नामांकित खेळाडू माइक वेबस्टर २००२ सालीं वारल्यावर डॉक्टर बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूंत वारंवारच्या धक्क्यांनीं जडणाऱ्या विकाराच्या खुणा आढळल्या. मैदानावर एकदम मरण न येतांही हा खेळ माणसाला हळूहळू पोखरूं शकतो, हें जगापुढें आलें. पुन्हां नियमांकडे धांव घेणें भाग पडलें. २०२४ सालीं व्यवसायी लीगनें खेळ सुरू करतांनाच्या टोल्याची पद्धत बदलली. दोन्ही बाजूंचे बहुतेक गडी आतां एकमेकांजवळ उभे राहतात, आणि चेंडू झेलला जाईपर्यंत किंवा ठरलेल्या टापूंत पडेपर्यंत त्यांना हलतां येत नाहीं. दुरून धांवत येऊन भर वेगानें आदळण्याची जी कल्पना १८९२ सालीं डीलँडनें याच टोल्याच्या वेळीं मैदानांत आणली, तिच्याशीं हा झगडा एकशें बत्तीस वर्षांनंतरही चालूच होता.

बळ हें खेळाचें भांडवल खरें. पण खेळ जगतो तो बळाला आंखून दिलेल्या रेघांवर. ती रेघ योग्य जागीं ओढली आहे कीं नाहीं, याची पारख बलवंतांच्या विजयांवरून होत नाहीं. हलक्या अंगाच्या, पाठीशीं कोणी नसलेल्या गड्याला ती आपलें कसब दाखवूं देते काय, आणि सामना संपल्यावर त्याला धडधाकट घरीं पोंचविते काय, यावरून ती होते. कार्लाइलच्या मुलांनीं पहिल्या कसोटीचें उत्तर मैदानावर देऊन ठेविलें आहे. दुसरीचें उत्तर खेळाच्या कारभाऱ्यांना प्रत्येक पिढींत नव्यानें द्यावें लागतें.