रेट म्हणजे नेमका कोणता रेट?

एके काळी गल्लोगल्लीच्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर डीबेस आणि फॉक्सप्रो ही नावं असत. त्या फॉक्सप्रोवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. इतिहास लवकर आटोपतो. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी फुटबॉलच्या पैजांसाठी आकडेमोड करता करता ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तो ‘डीबेस टू’ म्हणून विकला. ‘डीबेस वन’ कधी नव्हतंच. त्याच्या भाषेची वेगवान भावंडं ओहायोतल्या फॉक्स सॉफ्टवेअरने काढली; फॉक्सप्रो हे त्यांतलंच. 1992मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली, 2007मध्ये पुढची आवृत्ती निघणार नसल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी 2015मध्ये उरलासुरला सपोर्टही थांबला.

मी अडकलो तो एका ओळीपाशी: रेट = रेट + 5.

समजा, उघडलेल्या टेबलमध्ये रेट नावाचं फील्ड आहे, त्यात 100. मेमरीतही रेट नावाचं व्हेरिएबल आहे, त्यात 40. ओळ चालवल्यावर मेमरीत 45 येत नाहीत, 105 येतात. फील्ड मात्र 100वरच राहतं. ओळ पुन्हा चालवा, पुन्हा 105च. कारण वाचताना पहिला मान फील्डचा, आणि बरोबरच्या चिन्हाने लिहिलेलं जातं नेहमी मेमरीत. फील्डमध्ये लिहायचं तर ‘रिप्लेस’ ही वेगळी कमांड. म्हणजे चिन्हाच्या उजवीकडचा रेट एक आणि डावीकडचा दुसराच.

याला वेडेपणा म्हणवत नाही. स्क्रीनवरच्या टिंबापुढे बसून एकेक कमांड देणाऱ्या माणसासाठी ही भाषा जन्मली. टेबल उघडावं, ‘लिस्ट नेम, रेट’ म्हणावं आणि यादी पाहावी. अशा माणसाला दर वेळी टेबलचं नाव लावायला सांगणं हा जाच झाला असता. पण पुढे याच भाषेत हजारो ओळींचे प्रोग्रॅम उभे राहिले आणि त्याच्या सोयीचा नियम त्यांच्याही गळ्यात पडला.

त्यात फॉक्सप्रोची ‘स्कॅटर मेमव्हार’ ही कमांड. रेकॉर्डमधल्या फील्डांची प्रत ती मेमरीत काढते, तीही त्याच नावांनी. ऑपरेटरने दुरुस्ती केली की ‘गॅदर मेमव्हार’ने ती परत टेबलात. म्हणजे एका नावाच्या दोन गोष्टी भाषा स्वतःच करून ठेवते.

गावात एका नावाचे दोघे असले की लोक ‘वरच्या आळीतला’, ‘खालच्या आळीतला’ असं लावतात. प्रोग्रॅमरांनीही तेच केलं. मेमरीतल्या नावाआधी ‘एम’ आणि टिंब. पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रोत दोन अक्षरांची पद्धत रुळली: पहिलं अक्षर व्हेरिएबल कुठवर चालतं ते सांगणारं, दुसरं त्यात मजकूर, आकडा की तारीख ते सांगणारं. जुन्या फाइलींत फील्डचं नाव दहा अक्षरांतच बसवावं लागे. व्हेरिएबललाही तेवढीच मर्यादा होती, तेव्हा उपसर्गाची दोन अक्षरंसुद्धा महाग पडत. या शिस्तीचं मला कौतुक वाटतं, आणि काळजीही, कारण ती पाळायला भाषा कुणालाच भाग पाडत नाही.

वर्षानुवर्षं बिनचूक चाललेला प्रोग्रॅम घ्या. त्यात ‘टोटल’ नावाचं मेमरीतलं व्हेरिएबल आहे, मागे उपसर्ग नाही. एक दिवस कुणीतरी टेबलला ‘टोटल’ नावाचं फील्ड जोडतं. प्रोग्रॅमची एकही ओळ बदललेली नाही, एररही येत नाही. पण ते टेबल निवडलेलं असेल, तर आकडा आता दुसरीकडून येतो. शोधताना ‘ईएमपीनो = ईएमपीनो’ लिहिलं, तर फील्डची तुलना स्वतःशीच होते आणि अख्खं टेबल समोर येतं. त्याच अटीवर डिलीट असेल, तर अख्खं टेबल जातं.

हा सापळा फॉक्सप्रोपुरता नाही. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलमध्येही क्वेरीच्या आत कॉलमचाच मान पहिला. पोस्टग्रेसने 9.0 आवृत्तीपासून आपल्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेत पवित्रा बदलला: नाव संदिग्ध असेल, तर ती मुकाट्याने निवड न करता एरर देऊन थांबते.

म्हणूनच जुनी सिस्टिम नव्या भाषेत नेणं दिसतं तितकं सरळ नाही. उपसर्ग नसलेलं प्रत्येक नाव फील्ड की व्हेरिएबल, हे नुसत्या प्रोग्रॅमवरून ठरत नाही. ती ओळ चालताना कोणतं टेबल निवडलेलं होतं आणि त्यात कोणती फील्डं होती, तेही हाती असावं लागतं. टेबलची रचना मध्येच बदलली असेल, तर एकाच ओळीचे जुन्या आणि नव्या महिन्यांसाठी दोन अर्थ निघतात. भाषांतर करणाऱ्याने त्यातला कोणता उचलायचा, हे प्रोग्रॅमर नाही, हिशेब ओळखणारा कारकूनच सांगू शकतो.