विश्लेषण : बीबीएचे १२० तास! वरठीच्या विद्यार्थ्याला कामाचा अनुभव मिळणार कुठे?

भंडारा रोड हे रेल्वे स्थानक भंडारा शहरात नाही, वरठीत आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या या गावाला लागूनच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि मोहाडी तालुक्याच्या शिवारात सगळीकडे धान आहे. माल येतो, तोलला जातो, बिल होते, ट्रक सुटतो. असे असूनही इथला बीबीए किंवा बीकॉमचा विद्यार्थी इंटर्नशिप म्हटले की सुमारे साठ किलोमीटरवरच्या नागपूरकडे पाहतो. तिथे ओळख नसेल, तर पैसे भरून घरबसल्या मिळणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्राकडे वळतो. नव्या अभ्यासक्रमात कामाचा अनुभव हा पदवीचाच भाग झाल्याने ही पळवाट आता महागात पडू शकते.

१२० तास आले कुठून?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची श्रेयांक रचना ठरवणारा शासन निर्णय राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी काढला. संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीसाठी साधारण १२० ते १३२ क्रेडिट लागतात. त्यातले ४ क्रेडिट ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायच्या प्रशिक्षणाचे. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटसाठी ३० तास धरले जातात. चार क्रेडिटचे झाले १२० तास. रोज सहा तास काम केले तर वीस दिवस.

याशिवाय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी निगडित उपक्रमांचेही क्रेडिट आहेत. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेली पहिली बॅच सहाव्या सत्राला पोहोचते ती २०२७ च्या सुरुवातीला. म्हणजे जागा शोधण्याची खरी वेळ पाचव्या सत्राच्या आधीचीच. डिसेंबरमध्ये सूचना फलकावर तारीख लागल्यावर धावाधाव केली, तर हाती लागेल ते घ्यावे लागते.

बीबीए की बीकॉम (मॅनेजमेंट)?

२०२४-२५ पासून बीबीए आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी अनेक विद्यार्थ्यांना या परीक्षेची माहितीच नव्हती, त्यामुळे अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून बीकॉम (मॅनेजमेंट) असे केले. पालक या नावांच्या फरकाची फार काळजी करतात. नोकरी देणारा ती तेवढी करत नाही. प्रवेश घेताना प्रॉस्पेक्टसमध्ये ऑन जॉब ट्रेनिंग कितव्या सत्रात आहे, जागा महाविद्यालय देणार की विद्यार्थ्याने शोधायची, आणि त्याचे गुण कोण देणार, हे तीन प्रश्न विचारले तरी बरेच कळते.

कागद मिळाला, मग अडचण काय?

‘फाइल पूर्ण होते ना?’ हा युक्तिवाद कॉलेजच्या कट्ट्यावर नेहमीचा. फाइल पूर्ण होते, खरे आहे. पण पदवीनंतरच्या मुलाखतीत ‘तिथे तुम्ही काय केले?’ हा प्रश्न येतोच, आणि ज्याने काही केलेले नाही त्याचे उत्तर दुसऱ्या वाक्याला संपते. मोठ्या शहरातल्या मुलाकडे काकाचे ऑफिस, मित्राच्या वडिलांची फर्म असे पर्याय असतात. ग्रामीण भागातून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्या मुलीसाठी हे १२० तास बहुधा ऑफिस आतून पाहण्याची एकमेव संधी असते. ते तास विकत घेतलेल्या कागदावर गेले तर तीन वर्षांची पदवी निव्वळ पुस्तकांचीच राहते.

वरठीत शिकण्यासारखे आहे काय?

बरेच आहे. सुरुवात कारखान्याच्या गेटबाहेरूनही होऊ शकते. सनफ्लॅग आयर्न अँड स्टील ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. वाहन उद्योगाला लागणारे विशेष पोलाद ती बनवते. अलीकडच्या वर्षांत तिची वार्षिक उलाढाल तीन हजार कोटी रुपयांच्या वर राहिली आहे. नोंदणीकृत कंपनी असल्याने तिचा वार्षिक अहवाल कोणालाही मोबाइलवर मोफत उघडता येतो. कच्च्या मालावर किती खर्च, वीज-इंधनावर किती, कर्ज किती, येणे किती, हे सगळे त्यात छापलेले असते. वर्गात ताळेबंद शिकताना पुस्तकातल्या काल्पनिक ‘एबीसी लिमिटेड’ऐवजी रोज भोंगा ऐकू येणाऱ्या कंपनीचा ताळेबंद वाचला, तर आकड्यांना चेहरा मिळतो. हे करायला परवानगी लागत नाही, ओळखही लागत नाही.

थेट कारखान्याच्या ऑफिसात प्रवेश मिळेलच असे नाही. पण एवढा मोठा कारखाना म्हटला की त्याच्याभोवती वाहतूकदार, कामगार पुरवणारे ठेकेदार, सुटे भाग पुरवणारे, धर्मकाटे अशी एक साखळी असते. या छोट्या ऑफिसांत दोन-तीन माणसे सगळे काम ओढतात आणि त्यांना मदतीचा हात हवाच असतो. इथे शिकायला मिळते ते ‘येणे’. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मालाचे किंवा सेवेचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असे एमएसएमई कायदा सांगतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याच्या कलम ४३ बी (एच) ने त्याला धार आली. मुदतीनंतर थकवलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी पुरवठादाराची उद्यम नोंदणी हवी.

आता एखाद्या विद्यार्थ्याने वाहतूकदाराच्या टॅलीतून सहा महिन्यांची बिले काढली, ३० दिवसांच्या आतली, ४५ च्या आतली आणि त्यापुढची अशी वेगळी केली, तर मालकाला त्याच दिवशी उपयोगी पडेल असा कागद तयार होतो. खेळते भांडवल म्हणजे काय, हे त्याला पुन्हा शिकवावे लागणार नाही. सोबत ई-वे बिलही कळते. आंतरराज्य वाहतुकीला ५० हजार रुपयांच्या वरच्या मालासाठी ते लागते, तर महाराष्ट्राअंतर्गत ही मर्यादा एक लाखाची आहे.

दुसरी शाळा राईस मिलची. भंडारा-गोंदियात शासन आधारभूत किमतीने धान विकत घेते आणि भरडाईसाठी मिलला देते. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. शंभर क्विंटल धान म्हणजे २ लाख ३६ हजार ९०० रुपयांचा माल. भरडाईनंतर मिलने शंभर किलो धानामागे ६७ किलो तांदूळ शासनाला परत करायचा, असे प्रमाण ठरलेले आहे. कोंडा, तूस, तुकडा हे मिलवाल्याकडे राहते आणि त्याच्या विक्रीवरच धंद्याचे बरेच गणित बसते. हा उतारा प्रत्यक्षात पडत नाही, अशी पूर्व विदर्भातल्या मिलवाल्यांची जुनी तक्रार आहे. ती कितपत खरी? वीस दिवस मिलमध्ये बसून रोजचे आत गेलेले धान आणि बाहेर आलेला तांदूळ वहीत लिहिला, की विद्यार्थ्याकडे निदान एका मिलचे स्वतः मोजलेले उत्तर असते. ‘ग्रामीण उद्योजकतेचा अभ्यास’ या नावाने इंटरनेटवरून उतरवलेल्या ऐंशी पानांपेक्षा ही एक वही जास्त वजनदार.

याच मिलमध्ये पोत्याचे वजन करावर कसे ठरते तेही दिसते. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्यानंतर बाजारात २६ किलोची पोती दिसू लागली. किंमत, पॅकिंग आणि कर यांचे नाते समजावायला याहून चांगले उदाहरण मार्केटिंगच्या पुस्तकात सापडणे कठीण.

ज्यांना ब्रँडिंगमध्ये रस आहे त्यांच्यासाठी याच मोहाडी तालुक्यात आंधळगावचे कोसा विणकर आहेत. विदर्भाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण मानांकन असणे आणि त्याचा भाव मिळणे यातले अंतर विणकराच्या घरापासून नागपूरच्या शोरूमपर्यंत एका साडीची किंमत टप्प्याटप्प्याने लिहून काढली तरच समजते.

या काळात पैसे मिळतात का?

इथे सर्वाधिक गोंधळ आहे. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी विद्यावेतन द्यावेच, अशी सक्ती नाही. आणि सरकारी योजनांची जाहिरात पाहून अर्ज करणाऱ्या अनेकांना नंतर कळते, की त्यातल्या बहुतेक योजना शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नाहीत.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये असे तिचे दर ठरले. वय १८ ते ३५. पण नियमित शिक्षण सुरू असेल तर पात्रता नाही. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली, तेव्हा वयोमर्यादा २१ ते २४, कालावधी १२ महिने आणि विद्यावेतन दरमहा ५ हजार रुपये अशी होती. त्याखेरीज एकदाच ६ हजार रुपये. बीबीए, बीकॉम झालेले त्यात बसतात, पूर्णवेळ शिकणारे आणि एमबीए झालेले बसत नाहीत. म्हणून या दोन्ही योजना पदवीच्या निकालानंतरच्या यादीत ठेवाव्यात. अर्ज करताना ताजी अट पोर्टलवर पाहून घ्यावी, कारण अशा अटी बदलत राहतात.

तिसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा आणि त्याची चर्चा वाणिज्य शाखेत फारच कमी होते. अप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाले, हा समज जुना झाला. १९६१ च्या कायद्याखाली बीकॉम, बीबीए झालेले पदवीधरही शिकाऊ म्हणून लागू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांना दरमहा किमान ९ हजार रुपये ठरले. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. ते केवळ यंत्रावरच घ्यावेत असे नाही. लेखा, खरेदी, मनुष्यबळ या विभागांतही घेता येतात.

शिकत असतानाच विद्यावेतन हवे असेल तर ‘अप्रेंटिसशिप एम्बेडेड’ पदवी हा पर्याय आहे. यूजीसीच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे कंपनीत शिकाऊ म्हणून घालवता येतात आणि त्याचे क्रेडिट मिळतात. मात्र त्यासाठी महाविद्यालय आणि उद्योग यांच्यात करार लागतो. विद्यार्थी एकटा हे घडवू शकत नाही. भंडारा जिल्ह्यात पोलाद आहे, तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी आहेत, गडेगावला अशोक लेलँडचा प्रकल्प आहे. अशा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या व्यवस्थापनाला पालकांनी हा प्रश्न जरूर विचारावा.

दारात गेल्यावर मागायचे काय?

‘सर, इंटर्नशिप हवी आहे’ एवढे म्हटले की उत्तर ‘सध्या जागा नाही’ असेच येते. त्याऐवजी एक नेमके काम घेऊन गेलेले बरे : ‘तुमची थकीत बिले लावून देतो’, ‘महिनाभराचा उतारा नोंदवतो’. सोबत महाविद्यालयाचे पत्र आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचा फोन नंबर असावा. धंद्याचे आकडे बाहेर जातील ही मालकाची भीती रास्त असते, तेव्हा अहवालात नावे आणि रकमा झाकून देण्याचे आधीच लिहून द्यावे. रोज काय केले त्याची चार ओळींची नोंद ठेवून आठवड्याला सही घ्यावी, कारण शेवटच्या दिवशी वीस दिवसांच्या सह्या मागितल्या की कोणालाही संशय येतो. आणि जो कोणी जागा देण्यासाठी आधी पैसे मागेल, त्याच्याकडे जाऊ नये.