हात बसलेला खेळ आणि त्याचा पुढचा भाग

‘क्रिकेट ०७’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. ईए स्पोर्ट्स ही कंपनी तोवर नेमाने क्रिकेटचा पुढचा भाग काढत होती: २००२, २००४, २००५ आणि मग ०७. त्यानंतर कॉम्प्युटरसाठी तिने क्रिकेटचा खेळ काढलाच नाही. परभणीत कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहांपासून वसमत रोडवरच्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत जिथे जिथे जुना कॉम्प्युटर होता, तिथे हा खेळ पेन ड्राइव्हवरून पोहोचला. एकाने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. शिकायला आलेली पोरं पदवी घेऊन गेली, खेळ मागच्यांसाठी राहिला.

खेळात उणिवा होत्या. कंपनीकडे परवाना होता तो इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांचा. बाकीच्या खेळाडूंची नावं मोडतोड करून घातलेली. पण चाहत्यांनी नावांची ती फाइल उघडायची कशी हे शिकून घेतलं. नावं दुरुस्त झाली, नवे गणवेश आले, मैदानं आली, पुढे आयपीएलचे संघही आले. आयपीएल सुरू झाली २००८ साली. म्हणजे स्पर्धेच्या जन्माआधीच्या खेळात पोरांनी ती स्पर्धा नेऊन बसवली. कंपनीने पुढचा भाग दिला नाही, तेव्हा खेळणाऱ्यांनीच तो तुकड्यातुकड्यांनी तयार केला.

व्हिडिओ गेमचा पुढचा भाग पहिल्यापेक्षा सरस निघतो की निराशा करतो, हा वाद पोरांच्या कट्ट्यावर रोजचा असतो. त्याचं उत्तर शोधायचं तर सुरुवात अशा खेळापासून करावी लागते, ज्याला पुढचा भाग मिळालाच नाही आणि तरी जो मेला नाही.

सिनेमाच्या दुसऱ्या भागाबद्दल आपल्याकडे फारसं चांगलं बोललं जात नाही. गोष्ट संपलेली असते, ती ओढूनताणून लांबवलेली दिसते. खेळाचं तसं होत नाही, कारण खेळात गोष्ट हा निम्माच भाग. उरलेला निम्मा खेळणाऱ्याच्या बोटांत असतो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: हात बसणे. तबल्यावर हात बसतो, शिलाई मशीनवर बसतो, ज्वारीची भाकरी थापताना बसतो. उडी किती दाबली की खड्डा ओलांडतो, चेंडू टप्पा पडल्यावर किती थांबून बटण दाबायचं, हे काही दिवसांनी डोक्याला विचारावं लागत नाही. बोटं परस्पर करतात. पुढचा भाग काढणारी कंपनी नवं चित्र, नवं संगीत, नवी गोष्ट देते. पण तिच्या हाती खरी ठेव असते ती या बसलेल्या हाताची. शेगडी बदलली की पहिल्या दिवशी भाकरी करपते, ते चालतं. पण महिनाभर करपतच राहिली तर घरातली बाई जुनी शेगडी पुन्हा काढते, आणि तिचं बरोबर असतं.

दुसरा भाग चांगला निघण्यामागे एक साधं तांत्रिक कारणही आहे. पहिल्या खेळात निम्मा वेळ पाया घालण्यात जातो. पात्रं चालायची कशी, भिंतीला अडायची कशी, शंभर सैनिक एकदम हलले तर कॉम्प्युटर अडकायला नको ते कसं जमवायचं, ही सगळी यंत्रणा शून्यातून उभी करावी लागते. दुसऱ्या वेळी ती तयार असते, आणि लोक कुठे वैतागले होते तेही कळलेलं असतं.

‘एज ऑफ एम्पायर्स’ हे याचं सुरेख उदाहरण. १९९७ चा पहिला भाग: गाव वसवा, लाकूड तोडा, शेती करा, सैन्य उभं करा. त्यात तटबंदी बांधता येई, पण तिला वेस नव्हती. स्वतःची माणसं आत-बाहेर जावीत म्हणून भिंतीत फट सोडावी लागे. १९९९ च्या दुसऱ्या भागात दरवाजे आले, हल्ला झाला की गावकऱ्यांना इमारतीत दडवण्याची सोय आली, रिकामा बसलेला गडी शोधून देणारं बटण आलं. तरीही शेताचा एक त्रास राहिला होता. धान्य संपलं की शेत पडीक व्हायचं आणि ऐन लढाईत तिकडे जाऊन ते पुन्हा पेरावं लागायचं. २००० साली आलेल्या ‘द कॉन्करर्स’ या जोडभागात गिरणीपाशी पुढच्या पेरण्यांचा खर्च आधीच भरून ठेवता येऊ लागला. ज्याने लढाई हरता हरता पडीक शेताकडे धाव घेतली आहे, त्यालाच या एका सोयीची किंमत कळेल. जुना हात कायम राहिला, त्याची कटकट तेवढी गेली. या खेळाच्या स्पर्धा आजही भरतात. २००५ चा तिसरा भाग दिसायला देखणा होता, पण ती जागा त्याला घेता आली नाही.

परभणीच्या वाचकाला ही रीत परकी वाटायला नको. इथल्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली, ती अशीच झाली. ‘पुसा सावनी’ हा आधीचा लोकप्रिय वाण केवडा रोगाला बळी पडू लागला होता. पानांच्या शिरा पिवळ्या पडत आणि फळधारणा खुंटे. परभणीच्या शास्त्रज्ञांनी त्याचा संकर एका रानटी भाईबंदाशी केला, त्याची रोग सोसण्याची ताकद घेतली आणि पुन्हा पुन्हा मूळ भेंडीकडे संकर वळवत नेला. उद्देश असा की रोप टिकावं, पण बाजारात नेल्यावर गिऱ्हाइकाला ती भेंडीच वाटावी. शेतकरीही नव्या वाणाला लगेच सगळं रान देत नाही. आधी एका कोपऱ्यात पेरून बघतो. खेळणाराही तेच करतो, नव्या खेळाला थोडी जागा देऊन बघतो.

आता उलटी बाजू. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावीही पोहोचले. कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. ती चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ हे दोन खेळ म्हणजे तेव्हाचं अख्खं विश्व. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटवर खरे खेळ मोजकेच निघत, तेच पुन्हा पुन्हा. आणि ‘मारिओ १४’ नावाचाही एक खेळ फिरत असे. मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने असा भाग कधी काढला नव्हता. नक्कलखोरांनी दुसऱ्याच एका जपानी खेळातल्या नायकाच्या जागी मारिओला बसवून आकडा चिकटवला होता. सेलूच्या किंवा गंगाखेडच्या पोराला हे कळायला मार्ग नव्हता. त्याला इतकंच कळे की मारिओ दिसतोय, पण उडी मारिओची नाही.

गंमत म्हणजे खऱ्या मारिओच्या दुसऱ्या भागाचीही अशीच ओढाताण झाली होती. १९८५ च्या पहिल्या खेळानंतर १९८६ मध्ये जपानात दुसरा भाग आला. तो पहिल्यात तरबेज झालेल्यांसाठी केलेला: खायला जावं तर विषारी निघणारं अळंबं, उडी उधळून लावणारा वारा. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या मंडळींना तो नको इतका कठीण वाटला. त्यांच्यासाठी ‘डोकी डोकी पॅनिक’ हा वेगळाच खेळ घेऊन त्यातली पात्रं बदलली आणि १९८८ मध्ये तोच ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला. एका दुसऱ्या भागाने बसलेल्या हातावर फाजील भार टाकला, दुसऱ्याने त्या हाताची दखलच घेतली नाही. तरी न्यायाने सांगायला हवं की अमेरिकी भाग लोकांना आवडला, आणि त्यातली काही पात्रं मारिओच्या दुनियेत कायमची राहिली. हात नव्याने बसवायला लोक तयार असतात, फक्त खेळ तेवढा चांगला लागतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा गावोगाव परवडू लागला. तिथून परभणी जिल्ह्यात खेळ म्हणजे मोबाइल. पारावर, एसटी स्टँडवर, शिकवणी सुटल्यावर चौघं चार फोन घेऊन एकाच लढाईत उतरलेले दिसू लागले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने भारतासाठी आणला. जुलै २०२२ मध्ये तोही काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. नाव बदललं, रक्ताचा रंग बदलला, बंदुकीचा धक्का मात्र होता तसाच राहिला. पोरं परत आली ती यामुळेच.

कारण याच काळात त्या खेळाचा अधिकृत पुढचा भागही येऊन गेला होता, हे आज कित्येकांच्या लक्षातही नाही. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी क्राफ्टनने ‘पबजी: न्यू स्टेट’ आणला. काळ २०५१ चा, ड्रोन, भविष्यातल्या गाड्या, उजळ चित्र. नावनोंदणी कोट्यवधींची झाली. पहिल्याच दिवसांत बिघाडांच्या तक्रारी आल्या, आणि ते दुरुस्त झाल्यावरही भारतात मोठी गर्दी ‘बीजीएमआय’कडेच राहिली. हात तिथे बसला होता, मित्रही तिथेच होते. चौघांच्या खेळात एकट्याने पुढच्या भागात जाऊन उपयोग नसतो. हात बसतो तशी संगतही बसते.

‘फ्री फायर’ची गोष्ट याहून बोलकी आहे. स्वस्तातल्या फोनवर चालतो म्हणून हा खेळ खेड्यांत रुजला. सप्टेंबर २०२१ मध्ये गरेना कंपनीने ‘फ्री फायर मॅक्स’ काढला. चित्रं जास्त रेखीव, पण फोनवर भार जास्त. कंपनीने एक शहाणपण केलं. जुनं खातं नव्यात जसंच्या तसं चालेल आणि दोन्हीकडचे खेळाडू एकत्र खेळू शकतील अशी सोय ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये जुन्या ‘फ्री फायर’वर बंदी आली, ‘मॅक्स’ राहिला. ज्यांचे फोन भार पेलत होते ते एका दिवसात पलीकडे गेले. ज्यांचे पेलत नव्हते त्यांचा खेळ तिथेच अडखळला. शहरातले समीक्षक नव्या भागाचं चित्र, आवाज, कथा तोलतात. घरात एकच फोन, तोही थोरल्या भावाचा, आणि ‘स्टोरेज फुल’ची पट्टी रोजची, तिथे पुढच्या भागाची पहिली परीक्षा खेळ सुरू होण्याआधीच होते. ही परीक्षा समीक्षेत यायला हवी. बहुतेक वेळा ती येत नाही.

क्रिकेटचे भारतीय खेळ बनवणाऱ्यांना हे उमगलेलं दिसतं. मुंबईच्या नॉटिलस मोबाइलची ‘रिअल क्रिकेट’ मालिका २०, २२, २४ अशा आकड्यांनी पुढे सरकत गेली. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हने ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’चा दुसरा भाग २०१५ मध्ये आणि तिसरा २०२० मध्ये आणला. तिसरा आला म्हणून दुसरा बंद केला नाही. नवा फोन असलेला नवा खेळतो, जुनावाला जुन्यात षटकार मारतो. ‘रिअल क्रिकेट २०’ मध्ये संजय मांजरेकरांचं समालोचन होतं, हिंदी समालोचनही घेता येई. घराघरातल्या टीव्हीशी नातं सांगणारी ही भर ग्राफिक्सपेक्षा जास्त जवळची ठरली. नॉटिलस २०२० मध्ये पुण्याच्या जेटसिंथेसिसकडे गेली आणि २०२५ मध्ये तिच्यातला मोठा वाटा ‘बीजीएमआय’वाल्या क्राफ्टनने घेतला. आता पुढचे भाग कुणाच्या फोनचा विचार करून बनतात, याकडे लक्ष ठेवायला हवं.

पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूपुढे सध्या याहून अवघड काम आहे. २०२० मध्ये त्यांचा ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ आला. भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेली मुलगी, निवेदन करणारे विष्णू आणि दुर्गा, राजस्थानी महाल, छायाबाहुल्यांतून उलगडणारी गोष्ट. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत तो होता. दिसण्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. लढाईचा हात मात्र अनेकांना जड वाटला, आणि शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा. २०२५ मध्ये ‘राजी: कलियुग’ या पुढच्या भागाची घोषणा झाली. इथे बसलेला हात जपायचा नाही, तो नव्याने बसवायचा आहे. पहिल्या भागाची कमजोरी जितकी ठळक, तितकी दुसऱ्याला वाट मोकळी. म्हणून या खेळाकडून आशा धरावीशी वाटते.

इकडे ‘क्रिकेट ०७’चे तुकडे चाहते अजून जोडतच आहेत. कुणीतरी नवे गणवेश रंगवतं, कुणी लिलावात संघ बदललेल्यांची नावं इकडून तिकडे हलवतं. ज्यांचा जन्मच या खेळानंतरचा आहे, अशा फलंदाजांची नावं त्यात येऊ लागली आहेत. समालोचनाला मात्र कुणी फारसा हात लावत नाही. त्यातले समालोचक रिची बेनॉ १० एप्रिल २०१५ रोजी गेले. वसमत रोडवरच्या एखाद्या खोलीत आज कुणी हा खेळ लावला आणि चेंडू सीमेपार मारला, तर मार्क निकोलस यांच्या शेजारी बसून ते अजून त्यावर बोलतात.